लॅटिन नावाचा मराठी अर्थ लावायचा तर आधी शब्दाचा शेवट पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोरेगाव तालुक्यातल्या एका शाळेच्या आवारात चाळीसेक झाडं आहेत. प्रत्येकाला फलक लावायचाय आणि त्यावर मराठी नाव, लॅटिन नाव आणि त्या लॅटिन नावाचा मराठी अर्थ द्यायचाय. शिक्षिकेने नावं मोबाइलच्या भाषांतरात टाकून पाहिली, तर बहाव्याला 'भगंदर', पिंपळाला 'धार्मिक अंजीर' आणि उसाला 'कार्यालयांची साखर' अशी उत्तरं आली. सप्टेंबरात मुलांना कासला न्यायचंय, तिथल्या फुलांच्या नावांबाबतही हीच अडचण आहे. त्या विचारतात: लॅटिन शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ अशी तयार यादी कुठे मिळेल?

मॅडम, यादी मिळेल, पण तेवढ्याने काम भागणार नाही. तुमच्या मोबाइलकडेही यादीच होती. 'फिस्टुला' हा शब्द तिच्यात होता, 'ऑफिसिना'ही होता. घोटाळा झाला तो दोन ठिकाणी. एक म्हणजे, नावातल्या दोन शब्दांचं एकमेकांशी नातं काय हे यादी सांगत नाही, ते शब्दाच्या शेवटावरून कळतं. दुसरं म्हणजे, एका शब्दाचे चार अर्थ असतील तर त्यातला कुठला घ्यायचा हे झाडाकडे बघून ठरवावं लागतं. या दोन गोष्टी जमल्या की चाळीस नावांचं काम दोन-तीन दुपारींत उरकेल.

मराठी माणसाला हे काम इंग्रजी माणसापेक्षा सोपं जातं, हे आधी सांगतो. लॅटिनला तीन लिंगं आहेत, मराठीलाही आहेत. लॅटिनला विभक्ती आहेत, आपण त्या पाचवीपासून घोकतो. इंग्रजीमार्गे अर्थ काढायला गेलं की नेमकं हेच हातातून निसटतं. म्हणून लॅटिनवरून थेट मराठीत या.

(फलकावर लॅटिन नाव रोमन लिपीतच हवं. इथे मी ते आपल्याकडच्या कॉलेजांत जसं वाचतात तसं देवनागरीत लिहितोय.)

स्वयंपाकघरापासून सुरुवात करू. मुळा म्हणजे रॅफॅनस सॅटिव्हस. भात म्हणजे ओरायझा सॅटिव्हा. लसूण म्हणजे एलियम सॅटिव्हम. शब्द एकच, शेवट तीन: अस, आ, अम. 'सॅटिव्ह'चा अर्थ पेरून घेतलेलं, म्हणजे रानात आपोआप न उगवता शेतात लावलं जाणारं. पहिलं नाव पुल्लिंगी, म्हणून 'पेरलेला'. दुसरं स्त्रीलिंगी, म्हणून 'पेरलेली'. तिसरं नपुंसकलिंगी, म्हणून 'पेरलेलं'. आपण काळा, काळी, काळं म्हणतो, तेच हे. दुसरा शब्द पहिल्याप्रमाणे बदलत असेल तर तो विशेषण आहे आणि मराठीतही विशेषणच येणार. मात्र लॅटिनचं लिंग मराठीत ओढून आणू नका. लसूण मराठीत ज्या लिंगात बोलतात त्यातच लिहा. लॅटिनचा शेवट फक्त नातं ओळखायला वापरायचा.

एक खाचखळगा लगेच दाखवतो, कारण तुमच्या आवारात तो पाच-सहा झाडांना तरी येईल. लॅटिनमध्ये बहुतेक झाडं स्त्रीलिंगी मानतात, नावाचा शेवट 'अस' असला तरी. म्हणून पिंपळ फायकस रिलिजिओसा, 'रिलिजिओसस' नाही. तुती मोरस आल्बा, चिंच टॅमरिंडस इंडिका. उलट चंदन सँटॅलम आल्बम, कारण सँटॅलम नपुंसकलिंगी. आल्बा आणि आल्बम दोन्हींचा अर्थ पांढरं. फोटोचा अल्बम तो हाच शब्द. रोममध्ये जाहीर सूचना लिहायला पांढरी रंगवलेली फळी असायची, तिला आल्बम म्हणत. फलकच तो, मुलांना सांगायला चांगलं आहे.

आता दुसरी जात. कांदा म्हणजे एलियम सेपा. लसूण आणि कांदा दोघांचं पहिलं नाव एलियम, पण इथे दुसरा शब्द 'अम'वर संपत नाही. दोन शब्दांचे शेवट जुळत नसले तर थांबायचं. बहुतेक वेळा दुसरा शब्द विशेषण नसून स्वतंत्र नाम असतो. 'सेपा' हे रोमन लोकांचं कांद्याचं रोजचं नाव. म्हणजे इथे 'कसा' हा प्रश्नच नाही. आपण 'गोदावरी नदी' म्हणतो तशी दोन नामं शेजारी ठेवली आहेत. आटपाडीकडच्या डाळिंबाचंही तसंच आहे: प्युनिका ग्रॅनाटम. प्युनिका स्त्रीलिंगी, ग्रॅनाटम नपुंसकलिंगी, त्यामुळे दोघांची सांगड घालून भाषांतर करायला गेलात की अडकाल. प्युनिका म्हणजे कार्थेजची, उत्तर आफ्रिकेतल्या त्या प्राचीन शहराची. ते फळ रोमन लोक कार्थेजशी जोडत. ग्रॅनाटम म्हणजे दाण्यांनी भरलेलं, आणि तेही डाळिंबाचं जुनं स्वतंत्र नाव. फलकावर लिहा: 'कार्थेजचं, दाण्यांनी भरलेलं फळ'. पपईतला 'पपाया', अर्जुनातला 'अर्जुना', सीता-अशोकातला 'असोका' हीही नामंच आहेत, स्थानिक नावं जशीच्या तशी उचललेली. त्यांचं भाषांतर करायचं नसतं. 'अर्जुन हे आपलंच नाव लॅटिनात गेलं' एवढं लिहिलं की पुरे.

तिसरी जात षष्ठीची, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. ऊस म्हणजे सॅकॅरम ऑफिसिनारम. शेवटचा 'आरम' म्हणजे षष्ठीचं अनेकवचन, जसं आपलं 'झाडांचं'. ऑफिसिना म्हणजे कामाची जागा, कारखाना. पुढे ख्रिस्ती मठांमध्ये जिथे औषधं बनवून साठवत त्या खोलीला हा शब्द लागला. म्हणून ऑफिसिनारम म्हणजे 'औषधशाळांमधलं'. साखर त्या काळी औषधांच्या दुकानात मिळायची, हे त्या नावात जपलं गेलंय. तुमच्या भागात आल्याची शेती भरपूर आहे. आलं म्हणजे झिंजिबर ऑफिसिनाले. शब्दाचं मूळ तेच, पण हा शेवट विशेषणाचा: 'औषधशाळेत वापरलं जाणारं'. ऊस आणि आलं शेजारी ठेवून मुलांना दाखवा, षष्ठी आणि विशेषण यातला फरक व्याकरणाच्या तासापेक्षा लवकर कळेल.

माणसांच्या नावांची षष्ठीही अशीच. कासच्या पठारावर तेरड्याचा एक भाऊबंद फुलतो, इम्पेशन्स लॉइआय. भाषांतराच्या यंत्राला यात इंग्रजी 'लॉ' दिसतो आणि ते 'कायद्याचा' म्हणून मोकळं होतं. इथे लॉ हे आडनाव आहे. मुंबई इलाख्यातला हा सनदी अधिकारी झाडं गोळा करायचा, त्याच्या सन्मानार्थ हे नाव दिलं. आपल्याकडचं उदाहरण स्मिथिया आघारकरिआय. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचं नाव त्यात आहे. पुण्यातली आघारकर संशोधन संस्था त्यांच्याच नावाची. पहिला शब्द 'स्मिथिया' तोही माणसाचाच: जेम्स एडवर्ड स्मिथ, ज्यांनी 1788 मध्ये लंडनची लिनियन सोसायटी स्थापली. माणसाच्या नावाला 'इया' लावलं की प्रजातीचं नाव, म्हणजे पहिला शब्द, आणि षष्ठी लावली की जातीचं, म्हणजे दुसरा.

नियम सोपा आहे. आडनाव व्यंजनावर संपत असेल तर पुरुषासाठी रोमन लिपीत शेवटी दोन आय येतात. स्वरावर किंवा 'इ-आर'वर संपत असेल तर एकच आय. बाईच्या नावाला 'iae' किंवा 'ae'. रोमन 'a' अक्षरावर संपणाऱ्या आडनावाला मात्र पुरुष असो वा बाई, एक 'e' जोडतात. फलक रंगवणाऱ्याला दोन आय बघून छपाईची चूक वाटते आणि तो एक उडवतो. त्याला कागदावर ठळक लिहून द्या. 'आना'वर संपणारी नावं वेगळी. हॅबेनॅरिया हायनिआना, म्हणजे ज्याला लोक टूथब्रश ऑर्किड म्हणतात ते, बेंजामिन हाइन यांच्या नावाचं आहे, पण षष्ठी नसून विशेषण आहे. अर्थात मराठीत दोन्हींना 'हाइन यांच्या सन्मानार्थ' हेच लिहायचं. 'हाइनचा', 'लॉचा' असं लिहिलंत तर मुलांना वाटेल झाड त्यांच्या मालकीचं होतं.

गावांच्या नावांना 'एन्सिस' लागतं, नपुंसकलिंगी असेल तर 'एन्से'. हा प्रत्यय म्हणजे आपला 'कर' किंवा 'ई'. साताऱ्याचा तो सातारकर, साताऱ्याचा पेढा तो सातारी, आणि साताऱ्याचा वायतुरा तो अपोनोजेटॉन सातारेन्सिस. कासच्या उथळ पाण्यात उगवतो, तुऱ्याचे दोन फाटे इंग्रजी वाय अक्षरासारखे दिसतात, म्हणून वायतुरा. 1982 मध्ये ही जात शास्त्रीय नोंदीत आली आणि तेव्हापासून साताऱ्याचं नाव जगभरच्या वनस्पतिशास्त्रात आहे. याचा अर्थ 'सातारा जिल्ह्यात आढळणारे' असा कोरडा लिहू नका. 'सातारी' हा अचूक आणि गोड शब्द तयार आहे, तो वापरा. सोनकी सेनेसिओ बॉम्बेएन्सिस, म्हणजे 'मुंबई इलाख्याची'. पिवळ्या फुलांची उंद्री लायनम मायसुरेन्से, 'म्हैसुरी'. लायनम नपुंसकलिंगी, म्हणून शेवट 'एन्से'.

आणि जोडशब्द. इथे आपला बहुव्रीही समास कामी येतो. 'फोलिया' म्हणजे पानांची, 'फ्लोरा' म्हणजे फुलांची. दोन्ही शब्द दिसायला जवळ, म्हणून दर वेळी अक्षरं मोजून वाचा. हादगा सेस्बॅनिया ग्रँडिफ्लोरा, मोठ्या फुलांचा. पळस ब्युटिया मोनोस्पर्मा, एकबीजी. पळसाची पापडी हातात घेऊन टोकाशी चाचपा, बी एकच लागेल. 'फेरा' म्हणजे वाहून आणणारी, देणारी. आंबा मॅन्जिफेरा, आंबे देणारी. नारळ कोकोस न्युसिफेरा, कठीण कवचाचं फळ देणारा. शेवगा मोरिंगा ओलेइफेरा, तेल देणारा, कारण त्याच्या बियांतून तेल निघतं. तासगावची द्राक्षं व्हायटिस व्हिनिफेरा, मद्य देणारी वेल. हा 'फेर' आणि आपल्या 'भार', 'भरणे' यातला 'भर' एकाच मुळातले आहेत, सख्खे चुलतभाऊ. 'ऑइडीस' म्हणजे सारखं: कासच्या तळ्यातली कुमुदिनी म्हणजे निम्फॉइडीस इंडिका, कमळिणीच्या निम्फिया प्रजातीसारखी दिसणारी.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: दोन शब्दांचे शेवट लिंगाप्रमाणे जुळले तर विशेषण. दुसऱ्याच्या शेवटी षष्ठी दिसली तर 'चा-ची-चे' किंवा 'सन्मानार्थ'. एन्सिस असेल तर गाव. यातलं काहीच नसेल तर नाम, तसंच ठेवा. ही चाळण आधी लावा, शब्दकोश नंतर उघडा.

आता अनेक अर्थांतून एक निवडायचं. बहाव्याचंच घेऊ, कारण तिथे मोबाइलने सगळ्यात वाईट चूक केली. कॅसिया फिस्टुला. फिस्टुला हा लॅटिनमधला साधा शब्द: नळी, पाण्याचा नळ, आणि गुराख्याचा पावासुद्धा. डॉक्टरांनी शरीरात तयार होणाऱ्या नळीसारख्या जखमेला तेच नाव दिलं आणि आपल्याकडे ते भगंदर म्हणून रूढ झालं. मूळ अर्थ नळी, रोगाचा अर्थ त्यावरून आलेला. पण हे कसं ठरवायचं? झाडाकडे जा. बहाव्याची पिकलेली शेंग काळपट-तपकिरी, गोल, गुळगुळीत, हातभर लांब. वाळलेली शेंग हलवली की आत बिया खुळखुळतात. फोडून बघितली तर आत नाण्यांसारखे पडदे एकावर एक रचलेले, प्रत्येक कप्प्यात एक बी आणि चिकट काळा गर. शेंग हातात घेतल्यावर 'पाव्यासारखी नळी' याशिवाय दुसरं काही सुचणार नाही. फलकावर लिहा: 'नळीसारख्या शेंगांचा'. हीच पद्धत सगळीकडे लावा. शब्दकोशातले अर्थ कागदावर लिहा, झाडापाशी उभं राहा आणि जो अर्थ पान, फूल, शेंग, साल, वास किंवा उपयोग यांच्याशी जुळेल तो ठेवा. सीताफळ अनोना स्क्वॅमोसा, खवल्यांचं. रामफळ अनोना रेटिक्युलाटा, जाळीचं. फळं हातात घेऊन बघितली की शंका उरत नाही.

गुलमोहर बघून ठेवण्यासारखा आहे. डेलोनिक्स रेजिया. रेजिया म्हणजे राजेशाही, ते उघड आहे. डेलोनिक्स मात्र ग्रीक: डेलोस म्हणजे ठळक दिसणारं, ओनिक्स म्हणजे नख. मुलांना एक गळलेलं फूल द्या आणि पाकळ्या सुट्या करायला सांगा. प्रत्येक पाकळी खाली निमुळती होत लांब दांडीसारखी झालेली दिसेल. वनस्पतिशास्त्रात पाकळीच्या त्या दांडीला नख म्हणतात. 'ठळक नखाच्या पाकळ्यांचं, राजेशाही झाड'. लॅटिन नावांत बराच ऐवज ग्रीक असतो, फक्त कपडे लॅटिन. अरबी-फारसीही आहे. हळदीचं करक्युमा अरबी 'कुरकुम'वरून, आणि लोंगा म्हणजे लांब. कडुलिंबाचं अझाडिरॅक्टा फारसी 'आझाद दरख्त'वरून. म्हणून एखादा शब्द लॅटिन कोशात सापडला नाही तर तो चुकीचा ठरवू नका.

काही अर्थ लाजिरवाणे वाटतात, ते नीट सांभाळा. कोरेगावचा वाघ्या घेवडा म्हणजे फॅसिओलस व्हल्गॅरिस. व्हल्गस म्हणजे सामान्य जनता. व्हल्गॅरिस म्हणजे नेहमीचा, सगळीकडे मिळणारा. इंग्रजी 'व्हल्गर'चा आजचा अर्थ फार पुढचा आहे. 'सर्वसामान्यांचा घेवडा' म्हटलं की बरोबर बसतं. पिंपळाचंही तसंच. फायकस हे लॅटिनमध्ये अंजिराचं नाव, पण प्रजातीचं नाव म्हणून त्यात वड, पिंपळ, उंबर, अंजीर सगळे येतात. 'धार्मिक अंजीर' लिहिलंत तर पोरं पिंपळावर अंजीर शोधतील. रिलिजिओसा म्हणजे धर्माशी, पूजेशी जोडलेली. मी असं लिहीन: 'अंजीर-उंबराच्या गोतातला, पूजेत मान असलेला'. दोन शब्दांत नावं द्यायची ही पद्धत रूढ करणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये हे नाव छापलं तेव्हा पिंपळाला आपल्याकडे पूजतात हे त्याला माहीत होतं, इतकंही त्या नावातून मुलांना कळतं.

एक गोष्ट मात्र ठासून सांगायची आहे. अर्थ बरोबर लागला तरी तो खरा असेलच असं नाही. चिंचेचं टॅमरिंडस अरबी 'तमर हिंदी'वरून, म्हणजे हिंदुस्थानी खजूर, वर पुन्हा 'इंडिका', भारतीय. एका नावात दोनदा भारत, आणि झाड मुळात आफ्रिकेतलं. वड फायकस बेंघालेन्सिस, 'बंगाली', पण वड बंगालपुरता नाही, वाईच्या मेणवलीलाही तो तितकाच घरचा. अर्थ चुकीचा आहे म्हणून नाव बदलता येत नाही. वनस्पतींच्या नावांचे आंतरराष्ट्रीय नियम तसं स्पष्ट सांगतात. नाव ओळखीपुरतं आहे, वर्णनाची हमी नाही. म्हणून फलकावर 'अर्थ' असा शब्द लिहून पुढे मजकूर द्या. 'माहिती' म्हणून दिलात तर चिंच भारतातली असं मुलं पाठ करतील. अशा झाडांना अर्थाखाली एक जादा ओळ टाका: 'मूळ आफ्रिकेतली'.

नाव सध्याचं आहे का, हे अर्थ लावण्याआधी तपासायला हवं. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाची ऑनलाइन यादी आहे, तीत जुनं नाव टाकलं की आजचं मान्य नाव येतं. दोन झाडांचं तर नक्की तपासा. तुळस बऱ्याच जुन्या पुस्तकांत ऑसिमम सँक्टम आहे, म्हणजे पवित्र. पण आज मान्य नाव ऑसिमम टेनुइफ्लोरम, बारीक फुलांचं. दोन्ही नावं लिनियसचीच. टेनुइफ्लोरम 1753 चं, सँक्टम 1767 चं, आणि आधीचं नाव चालतं हा नियम. तुळशीच्या फलकावर जुनं नाव कंसात देऊन दोन्ही अर्थ द्या, तिथे 'पवित्र' वाचायला लोकांना आवडेल आणि ते खोटंही नाही. दुसरं झाड म्हणजे कुंपणाला लावतात तो उंच, सरळ 'अशोक'. तो खरा अशोक नव्हे. त्याचं जुनं नाव पॉलिअल्थिया लोंगिफोलिया, 2012 पासून मोनून लोंगिफोलियम. पॉलिअल्थिया स्त्रीलिंगी, मोनून नपुंसकलिंगी, म्हणून 'लोंगिफोलिया'चं 'लोंगिफोलियम' झालं. अर्थ तोच, लांब पानांचा. एक शब्द बदलला की दुसऱ्याचा शेवटही बदलतो, हे न कळल्यामुळे 'मोनून लोंगिफोलिया' असे फलक बागांमध्ये दिसतात.

जातीची खात्री नसेल तर अंदाजाने दुसरा शब्द लिहू नका. प्रजातीचं नाव लिहून पुढे 'एसपी' आणि टिंब द्या, म्हणजे 'यातली एक जात'. 'एसपीपी' म्हणजे अनेक जाती. नावामागचं एकटं 'एल' आणि टिंब म्हणजे लिनियस. 'व्हार' म्हणजे प्रकार. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या नावात फ्रॅगॅरिया आणि अनानासा यांच्यामध्ये गुणाकाराचं चिन्ह असतं, ते एक्स अक्षर नव्हे, संकराची खूण आहे. अनानासा म्हणजे अननसासारखी. ही टिंबं आणि खुणा भाषांतराच्या यंत्रात घालू नका, तिथून काहीही बाहेर येतं.

कासची यादी वेगळी करा. तिथे फलक लावायचे नाहीत, मुलांच्या वहीत नोंदी करायच्यात, म्हणून अर्थ थोडा मोठा चालेल. आणि तिथे मराठी नावं इतकी नेमकी आहेत की लॅटिन आणि मराठी शेजारी ठेवण्यातच मजा आहे. ओलसर जागी पानांतून चिकट थेंब चमकवत किडे धरणारी ड्रोसेरा. ग्रीकमध्ये ड्रोसेरोस म्हणजे दव पडलेलं. आपल्याकडे तिला दवबिंदूच म्हणतात. गेंदाचं एरिओकॉलॉन: एरिऑन लोकर, कॉलोस देठ. मराठीला दिसला वर डुलणारा गेंद, ग्रीक नाव देणाऱ्याची नजर देठाच्या लोकरीवर गेली. तेरड्याचं इम्पेशन्स म्हणजे अधीर. पिकलेली बोंडं नुसत्या स्पर्शाने फुटून बी उडवतात, म्हणून. कंदीलपुष्पाचं सेरोपेजिया म्हणजे मेणाचं कारंजं. लिनियसला ते तसं दिसलं, आपल्याला कंदील दिसला. जांभळ्या मंजिरीचं पोगोस्टेमॉन: दाढीवाले पुंकेसर. भिंग नेलंत तर पुंकेसरांवरचे केस दिसतील. कासला फूल तोडायचं नाही, खाली बसून बघायचं.

सीतेच्या आसवांवर मात्र थांबा. युट्रिक्युलॅरिया परपुरासेन्स. युट्रिक्युलस म्हणजे लहानशी पिशवी. ओल्या मातीत या रोपाला बारीक पिशव्या असतात. झाकणाजवळच्या केसाला पाण्यातला सूक्ष्म जीव लागला की झाकण उघडतं आणि तो पाण्यासकट आत ओढला जातो. दुसरा शब्द अजून सुंदर आहे. 'परपुरिया' असता तर नुसतं जांभळं. पण 'आसेन्स' हा शेवट होत जाण्याचा आहे: जांभळं होऊ लागलेलं. मराठीत 'जांभळट' म्हटलं तर ती हालचाल जाते. 'जांभळी होत जाणारी' असंच लिहा, दोन शब्द जास्त लागले तरी चालतील.

फलकाचं शेवटी. साधारण 30 सेंटिमीटर रुंद आणि 20 सेंटिमीटर उंच पत्रा पुरतो. वर मराठी नाव, अक्षर अडीच-तीन सेंटिमीटर उंच. गावात दोन नावं चालत असतील तर दोन्ही, तुमच्या गावातलं आधी. खाली रोमन लिपीत लॅटिन नाव तिरक्या अक्षरांत, पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, दुसरा शब्द पूर्ण लहान अक्षरांत, तो गावाचा किंवा माणसाचा असला तरी. त्याखाली देवनागरीत उच्चार. मग 'अर्थ:' आणि पुढे मराठी, आठ-दहा शब्दांत. कुळाचं नाव हवं तर शेवटी, लहान. उच्चाराबद्दल फार वाद घालू नका. फायकस म्हणा किंवा फीकुस, दोन्हींना आधार आहे, फक्त चाळीसही फलकांवर एकच पद्धत ठेवा.

रंगाऱ्याकडे देण्याआधी रोमन नावं एकाने मोठ्याने अक्षर-अक्षर वाचायची आणि दुसऱ्याने मान्य यादीशी पडताळायची, एकट्याने तपासलं की 'फ्लोरा'चं 'फोलिया' होऊन जातं. आणि पत्रा खोडाला खिळ्याने ठोकू नका. खोड जाड होत जातं, साल पत्र्याच्या कडेवर चढते आणि काही वर्षांत फलक झाडाच्या पोटात जातो. जमिनीत लोखंडी दांडी रोवून तिच्यावर बसवा, किंवा ढिली स्प्रिंगची तार खोडाभोवती घालून तिला अडकवा, म्हणजे खोडाबरोबर तीही सैल होत जाईल. चाळीस नावांची यादी तयार झाली की इथेच टाका. शेवट जुळत नसलेली नावं आधी वेगळी काढून ठेवा, त्यांच्यापासून सुरुवात करू.